दाखला मागायचा कुणाकडे?

खासगी कॉलेज बंद पडणार, ही बातमी नोटीस बोर्डावर यायच्या आधी वर्गात कळते. सत्राच्या मध्यावर एक सर दिसेनासे होतात, मग दुसरे. महिनोन्‌महिने पगार थकल्यावर कोण किती दिवस थांबणार? त्यांचे तास उरलेले सर वाटून घेतात आणि विषय कसाबसा संपवला जातो. प्रयोगशाळेतलं यंत्र दुरुस्तीला जातं ते परत येत नाही. ग्रंथालय दुपारनंतर कुलूपबंद राहू लागतं. पुढच्या जूनमध्ये प्रवेशाच्या फेऱ्या संपतात तेव्हा पहिल्या वर्षाचा वर्ग हाताच्या बोटांवर मोजण्याइतका उरतो. बंद होण्याची अधिकृत तारीख यानंतर केव्हातरी कागदावर येते. मुलांच्या लेखी कॉलेज त्याच्या कितीतरी आधी संपलेलं असतं.

चंद्रपूर आणि गडचिरोलीत या प्रकाराला एक वेगळी धार आहे, आणि ती अंतराची आहे. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. बारा तालुके, दोन-तृतीयांशाहून जास्त भागावर जंगल, आणि वर्षानुवर्षं एकच रेल्वे स्टेशन: देसाईगंज, म्हणजे लोकांच्या तोंडचं वडसा. सिरोंचाहून जिल्ह्याचं ठिकाण दोनशे किलोमीटरच्या आसपास. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच तुटतो. पुण्यात एक कॉलेज बंद झालं तर दुसरं त्याच सिटी बसच्या मार्गावर सापडतं. इथे दुसरं कॉलेज म्हणजे दुसरा तालुका, दुसरी खोली, दुसरा खर्च, आणि मुलगी असेल तर घरात पुन्हा एकदा तोच प्रश्न: आता हिला कशाला एवढ्या लांब पाठवायचं?

ही कॉलेजं आली कुठून, ते आधी पाहायला हवं. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, १९८३ मध्ये, महाराष्ट्राने खासगी संस्थांना विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी आणि तंत्रशिक्षणाची कॉलेजं काढू दिली. सरकारकडे पैसा नव्हता आणि कर्नाटकात जाऊन देणगी भरणारी मराठी मुलं दिसत होती. तो निर्णय चुकीचा होता असं मला वाटत नाही. त्यातून हजारो घरांत पहिला इंजिनिअर झाला. पण त्या निर्णयात कॉलेज काढण्याचा जितका विचार होता, तितका ते बंद पडण्याचा नव्हता.

अमेरिकेत नफ्यासाठी कॉलेज चालवणं कायद्याला मान्य आहे; शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या ती चालवत आल्या आहेत. आपल्याकडे तसं नाही. कॉलेज काढायचं तर संस्था किंवा न्यास नोंदवावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या टी. एम. ए. पै फाउंडेशन खटल्यात आणि २००५ च्या, महाराष्ट्रातूनच गेलेल्या, पी. ए. इनामदार खटल्यात हे स्पष्ट केलं की संस्थेने वाढीसाठी शिल्लक ठेवावी, पण नफेखोरी करू नये, देणगी उकळू नये. म्हणजे कागदावर प्रत्येक खासगी कॉलेज हे धर्मादाय काम आहे. याचा एक विचित्र परिणाम होतो. धंदा म्हणून नोंद असती, तर तो बुडाल्यावर कुणाचं किती देणं लागतं याचा हिशेब झाला असता. धर्मादाय कामात विद्यार्थी हा देणेकरी नसतो, घेणेकरीही नसतो. तो लाभार्थी असतो. लाभ थांबला की त्याने कुणाकडे बोट दाखवायचं?

या दोन जिल्ह्यांतलं सगळ्यात मोठं उदाहरण डी.एड. कॉलेजांचं आहे. बारावीनंतर दोन वर्षं डी.एड. केलं की जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागायचं, तीन वर्षांनी कायम व्हायचं, हा रस्ता गावोगावच्या मुलामुलींना ठाऊक होता. कोरची-कुरखेड्याच्या मुलीसाठी तर गावाजवळ राहून मिळणारी ही जवळपास एकच सन्मानाची नोकरी होती. मागणी दिसली तशी कॉलेजं निघाली. राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेच्या भोपाळच्या विभागीय समितीकडून मान्यता मिळत गेल्या आणि २००५ नंतरच्या काही वर्षांत तालुक्याच्या गावी एकाहून जास्त डी.एड. कॉलेजं दिसू लागली. राज्यात शिक्षकांच्या किती जागा निघणार आहेत, हे मान्यता देणाऱ्याने राज्याला नीट विचारलं नाही, आणि राज्याने जे सांगितलं ते नीट ऐकलं गेलं नाही.

मग २०१० मध्ये भरतीसाठी सीईटी झाली. मे २०१२ मध्ये राज्याने शिक्षक भरतीच थांबवली. शिक्षण हक्क कायद्यामुळे आलेली शिक्षक पात्रता परीक्षा महाराष्ट्रात डिसेंबर २०१३ मध्ये पहिल्यांदा झाली आणि डी.एड. झालेल्यांतलेही फार थोडे तीत पास झाले. पदविका हातात, नोकरी नाही, असं चित्र पुढच्या वर्षीच्या बारावीच्या मुलांनी बघितलं आणि त्यांनी तिकडे पाठ फिरवली. बहुतेक डी.एड. कॉलेजं कुणी बंद केली नाहीत. प्रवेश आटले आणि ती आपोआप मिटत गेली. आता अनेक ठिकाणी त्या इमारतीत इंग्रजी शाळा चालते, मंगल कार्यालय चालतं, किंवा काहीच चालत नाही.

यात विद्यार्थ्याचं काय झालं? शेवटच्या तुकडीतल्या मुलांना निकाल मिळाला, कारण परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते आणि तिच्याकडे नोंद असते. एखादा विषय राहिलेला विद्यार्थी मात्र अडकला. परीक्षेचा अर्ज कॉलेजमार्फत भरायचा, अंतर्गत गुण कॉलेजने पाठवायचे, सराव पाठांची नोंद कॉलेजने द्यायची. आणि कॉलेजमध्ये एक चौकीदार. बंद पडलेल्या संस्थेचा सगळ्यात मोठा फटका नापासांना बसतो ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण नियम लिहिताना डोळ्यांपुढे असतो तो वेळेवर पास होणारा विद्यार्थी.

दुसरा प्रकार याहून वाईट होता. जंगल जिल्ह्यातल्या विनाअनुदानित कॉलेजचं अर्थकारण पालकांच्या खिशावर फारसं चालत नाही. तेंदूपत्ता आणि मोहफुलांच्या हंगामावर जगणारं घर पन्नास हजारांची फी कुठून भरणार? फी येते ती समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाच्या शिष्यवृत्तीतून, ज्याला मुलं साधं स्कॉलरशिप, फ्रीशिप म्हणतात. ही रक्कम पूर्वी कॉलेजच्या हाती पडायची. २०१४-१५ च्या सुमारास गडचिरोलीत उघड झालं की काही संस्था केवळ या रकमेसाठीच उभ्या होत्या. गावात फिरून दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि जातीचे दाखले गोळा केले जायचे, त्यावर प्रवेश दाखवले जायचे, शिष्यवृत्ती उचलली जायची. ज्यांच्या नावावर ती उचलली, त्यातल्या कित्येकांना आपण त्या कॉलेजचे विद्यार्थी आहोत हेच माहीत नव्हतं. गडचिरोली पोलिसांनी संस्थाचालकांना आणि अधिकाऱ्यांना अटक केली. व्याप्ती राज्यभर निघाली, तेव्हा २०१६ मध्ये सरकारने ज्येष्ठ पोलीस अधिकारी के. व्यंकटेशम यांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमलं.

या प्रकरणाच्या बातम्या पैशाच्या आकड्यांवर थांबल्या. पण अशा संस्थांत खरोखर शिकायला गेलेली मुलंही होती. चौकशी लागली, शिष्यवृत्ती अडली, संस्थेने शटर ओढलं आणि ती मुलं मधल्या मध्ये भरडली गेली. शिष्यवृत्तीचा नियम असा की त्याच टप्प्यावरचा दुसरा अभ्यासक्रम नव्याने सुरू केला तर लाभ सहसा मिळत नाही. म्हणजे बंद पडलेल्या कॉलेजमध्ये घालवलेलं वर्ष नुसतं वाया जात नाही, ते पुढच्या वर्षाचा हक्कही खाऊ शकतं. २०१७-१८ पासून महाडीबीटी पोर्टल आलं, आधार जोडलं गेलं, रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात जाऊ लागली. खोटी नावं त्यामुळे बरीच आटली. त्याच वेळी हप्ते उशिरा येऊ लागले की शिष्यवृत्तीवरच उभं असलेलं प्रामाणिक लहान कॉलेजही पगार देऊ शकत नाही, आणि आपण सुरुवातीला पाहिलं ते चक्र पुन्हा फिरू लागतं.

कायदा काय सांगतो? महाराष्ट्राच्या विद्यापीठ कायद्यातली तरतूद खरं तर चांगली आहे. १९९४ च्या कायद्यात ती होती, २०१६ च्या कायद्यातही आहे. व्यवस्थापनाला परवानगीशिवाय कॉलेज बंद करता येत नाही. आदल्या वर्षीच विद्यापीठाकडे अर्ज करायचा, कारणं द्यायची, इमारत आणि साहित्याची किंमत, मिळालेली सरकारी अनुदानं हे सगळं मांडायचं. विद्यापीठाने चौकशी करायची; मदत देऊन, दुसऱ्या व्यवस्थापनाकडे सोपवून किंवा स्वतः ताब्यात घेऊन बंद टाळता येईल का ते बघायचं. नाहीच टळलं तर नुकसानभरपाई ठरवायची आणि राज्य सरकारच्या संमतीने परवानगी द्यायची. बंदही टप्प्याटप्प्याने: आधी पहिल्या वर्षाचे प्रवेश थांबवायचे, मग दुसरं वर्ष, आणि आत असलेल्या विद्यार्थ्यांना झळ न बसता शेवटची तुकडी बाहेर काढायची. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे नियमही याच वळणाचे आहेत. टप्प्याने बंद हा एक मार्ग. आणि एकदम पूर्ण बंद करायचं तर विद्यापीठाचं आणि राज्याचं ना-हरकत पत्र हवं, उरलेल्या विद्यार्थ्यांची सोय दुसऱ्या कॉलेजांत लावलेली हवी.

टप्प्याने बंद होणारं कॉलेज आतून कसं असतं, याची कल्पना करून बघा. खालचे वर्ग रिकामे. फी येते ती एका तुकडीची, खर्च पूर्ण इमारतीचा. चांगले शिक्षक आधीच गेलेले. कॅम्पस मुलाखतीला कंपनी कशाला येईल? आणि एटीकेटीवाला विद्यार्थी आहेच. दुसऱ्या वर्षात बसलेल्याचा पहिल्या वर्षाचा गणिताचा पेपर राहिलेला असतो, पण पहिल्या वर्षाला शिकवणारंच कुणी उरलेलं नसतं. तंत्रनिकेतनात तर अभ्यासक्रमाची योजनाच दर काही वर्षांनी बदलते; तंत्रशिक्षण मंडळाने २०१२-१३ मध्ये एक आणली, २०१७-१८ मध्ये दुसरी, २०२३-२४ मध्ये तिसरी. जुन्या योजनेचा विषय राहिलेला मुलगा बंद कॉलेजातून दुसरीकडे गेला की तिथे त्याला समतुल्य विषय शोधावा लागतो, कधी जास्तीचे विषय द्यावे लागतात. कायद्याच्या भाषेत त्याला झळ बसलेली नसते. त्याची वर्षं मात्र जातात.

‘जवळच्या कॉलेजात सामावून घेणे’ हा शब्दप्रयोग मला नेहमी खटकतो. जवळ म्हणजे किती? नकाशावरचे चाळीस किलोमीटर, एसटीच्या वेळापत्रकात सकाळी एक गाडी आणि संध्याकाळी एक असेल, तर रोजच्या येण्याजाण्याचं अंतर राहत नाही. शिवाय कॉलेज एकटं जात नाही. गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर, चिमूर या पाच प्रकल्प कार्यालयांकडची आदिवासी वसतिगृहं कॉलेजच्या प्रवेशावर जागा देतात. प्रवेश गेला की खाट गेली. नव्या गावच्या वसतिगृहाची यादी तोवर लागून गेलेली असते. वसतिगृहात जागा न मिळणाऱ्यांसाठी २०१६-१७ पासूनची पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयम् योजना आहे, खोलीभाडं आणि जेवणाचे पैसे खात्यात देणारी. पण तिलाही चालू वर्षाचा प्रवेश, बोनाफाईड आणि हजेरी लागते. एसटीचा पास कॉलेजच्या शिक्क्यावर मिळतो. जात पडताळणीचा प्रस्ताव प्राचार्यांच्या सहीने गडचिरोलीच्या समितीकडे जातो. पाहिलंत तर एका कॉलेजच्या शिक्क्यावर या मुलाचं खाणं, राहणं, प्रवास आणि जातीचा पुरावा, सगळं टांगलेलं असतं. शहरातल्या मुलाचं कॉलेज बंद झालं तर वर्ग जातो. इथे बिऱ्हाड उठतं.

कागद हा तर स्वतंत्रच विषय आहे. गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ २७ सप्टेंबर २०११ रोजी स्थापन झालं. त्याआधी हे दोन्ही जिल्हे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात होते. त्यामुळे २०११ पूर्वी शिकलेल्या माणसाचं कॉलेज बंद झालं असेल तर त्याच्या निकालाची नोंद नागपुरात. नंतरच्याची गडचिरोलीत. चंद्रपूरच्या काही अभियांत्रिकी कॉलेजांनी पुढे लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाची संलग्नता घेतली, म्हणजे त्या मुलांची नोंद राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, रायगड जिल्ह्यात. गुणपत्रिका हरवली तर तिची दुसरी प्रत या विद्यापीठांकडून किंवा मंडळाकडून मिळते. पण काही गोष्टी फक्त कॉलेजच्या कपाटातच असतात: दाखल-खारीजची नोंदवही, अंतर्गत गुणांची वही, अनामत रकमेची पावती, आणि फार वेळा मुलांनी प्रवेशाच्या दिवशी जमा केलेले मूळ दाखले. मूळ कागद अडवून ठेवायला विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेत स्पष्ट मनाई केली आहे. तपासायचे, प्रत ठेवायची, मूळ लगेच परत द्यायचे. तरीही फी येईपर्यंत ते कपाटात राहतात. संस्था बंद पडली, बाबू गावी निघून गेला, कपाटाची किल्ली अध्यक्षांच्या घरी, आणि पोलीस भरतीच्या कागदपत्र तपासणीची तारीख पुढच्या सोमवारची. दाखला मागायचा कुणाकडे?

अमेरिकेत कॉरिंथियन कॉलेजेस या कंपनीने २७ एप्रिल २०१५ रोजी उरलेली २८ कॉलेजं एका दिवसात बंद केली. सुमारे १६ हजार विद्यार्थी रस्त्यावर आले. पुढच्या वर्षी ६ सप्टेंबरला आयटीटी टेक्निकल इन्स्टिट्यूट गेलं, जवळपास ४० हजार विद्यार्थ्यांसह. तिथे निदान सरकारी शैक्षणिक कर्जाला एक दार आहे: शिकत असताना कॉलेज बंद झालं तर कर्ज माफ करून मागता येतं. लढा मोठा द्यावा लागला, पण जून २०२२ मध्ये कॉरिंथियनच्या आजवरच्या ५ लाख ६० हजार कर्जदारांचं ५.८ अब्ज डॉलरचं कर्ज तिथल्या शिक्षण खात्याने रद्द केलं. आपल्याकडे शैक्षणिक कर्ज बँक देते, आईवडील सहकर्जदार असतात आणि कॉलेज बंद झालं म्हणून ते माफ होण्याची तरतूद नाही. ग्राहक न्यायालयाचा रस्ताही अरुंद झाला आहे. बिहारच्या एका दंत महाविद्यालयाने संलग्नता नसताना प्रवेश दिले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये विद्यार्थ्यांना फी आणि भरपाई मिळवून दिली होती. नंतरच्या निकालांनी शिक्षण ही ग्राहक कायद्यातली सेवा नाही अशी भूमिका घेतली. राष्ट्रीय ग्राहक आयोगानेही २०२० मध्ये तेच म्हटलं.

अमेरिकेतलाच २०२२ चा एक अभ्यास आपल्या कामाचा आहे. २००४ ते २०२० या काळात बंद पडलेल्या कॉलेजांतल्या १ लाख ४३ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचा माग काढला, तर पुन्हा कुठेतरी प्रवेश घेतलेले निघाले ४७ टक्के. निम्म्याहून जास्त परत फिरलेच नाहीत. सुमारे ७० टक्के मुलांचं कॉलेज पूर्वसूचना आणि पर्यायी सोय न देता बंद झालं होतं. ज्यांनी लवकर दुसरीकडे नाव घातलं, त्यांचं शिक्षण पुरं होण्याची शक्यता जास्त दिसली. मधले महिने जितके वाढतात तितका माणूस शिक्षणापासून सुटत जातो. आपल्या भागात हे मधले महिने फार लवकर भरतात. मे महिन्यात तेंदूपत्ता, जूननंतर रोवणी, दिवाळीनंतर मुलगा तेलंगणात मिरची तोडायला, मुलीला स्थळ.

म्हणून ज्यांचं कॉलेज डळमळीत दिसतंय त्यांनी नोटिशीची वाट बघू नये. मूळ कागद आजच परत मागावेत, आणि लेखी मागावेत. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यावा. दर सत्राच्या गुणपत्रिकेची, फीच्या पावत्यांची, प्रात्यक्षिक वह्यांची प्रत घरी असावी. २०२१ च्या नियमांनी आलेल्या श्रेयांक बँकेत आपलं खातं आहे का आणि त्यात श्रेयांक खरोखर जमा झालेत का, ते डिजिलॉकर उघडून पाहावं. ते श्रेयांक सात वर्षांपर्यंत ग्राह्य राहतात आणि दुसऱ्या विद्यापीठात नेता येतात. पदवीचे काही अभ्यासक्रम नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पुढे नेता येतात. बदलीचा अर्ज एकेकट्याने करण्यापेक्षा वर्गाने मिळून थेट विद्यापीठाच्या कुलसचिवांकडे करावा, कारण परवानगीशिवाय कॉलेज बंद झालं तर विचारणा करण्याची जबाबदारी कायद्याने विद्यापीठावर आहे. तक्रारीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक विद्यापीठात लोकपाल असायला हवा.

पण सगळा भार मुलांवर टाकून चालणार नाही. आयोग, मान्यता देणाऱ्या परिषदा आणि विद्यापीठ यांना कॉलेज आटत चाललंय हे प्रवेशाच्या आकड्यांवरून दोन-तीन वर्षं आधीच दिसत असतं. त्या टप्प्यालाच दाखल-खारीजची नोंदवही आणि अंतर्गत गुणांच्या नोंदी विद्यापीठाने ताब्यात घ्याव्यात, निदान त्यांच्या प्रती घ्याव्यात. मान्यता घेताना संस्थेकडून जी ठेव ठेवून घेतली जाते, तिच्यावर पहिला हक्क विद्यार्थ्यांच्या परताव्याचा असावा. आणि या दोन जिल्ह्यांपुरतं तरी, बंद कॉलेजातून बदली झालेल्या मुलामुलीला वसतिगृहाची जागा आणि स्वयम्‌चा हप्ता वर्षाच्या कोणत्याही महिन्यात मिळायला हवा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. प्रकल्प अधिकाऱ्याला यादी लागून गेल्यानंतरही प्रवेश देण्याची मुभा देणारा एक शासन निर्णय पुरेल.